पंचनदरावांचा पूर्वपक्ष

पंचनदरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या घरात भांडण चाललं होतं. साधंसुधं नव्हे, आवाज पार बोळाच्या तोंडापर्यंत येत होता, आणि चपला काढून आत जावं की आल्या पावली परत फिरावं या विचारात मी दारात उभी होते. साल २००२. कराडहून येऊन चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात मी नोकरीला लागले होते. शहरातल्या तिरुवल्लिकेणीत एका मराठी घरी वरची खोली भाड्याने मिळेल असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, म्हणून शनिवारी संध्याकाळी पत्ता शोधत आले होते. आत दहा-बारा माणसं होती. एक जाडजूड गृहस्थ उभे राहून तमिळमध्ये तावातावाने बोलत होते आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा त्यांना इंग्रजीत अडवत होता. तीनशे माणसांचा जीव धोक्यात होता आणि कुणीतरी कुणालातरी वेळेवर सांगितलं नाही, एवढं मला कळलं. मला वाटलं, मोठा अपघात झालाय, निदान घरातलं कुणीतरी गेलंय. पुढे दहा मिनिटांनी उलगडा झाला, की ती तीनशे माणसं एका अंतराळयानात होती आणि ते यान एका इंग्रजी मालिकेत होतं.

तेवढ्यात वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या एका किडकिडीत म्हाताऱ्याने हात वर केला. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर गंधाची बारीक रेघ. सगळे एकदम गप्प. म्हाताऱ्याने त्या मुलाला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मुलगा अडखळत बोलला. जाडजूड गृहस्थांनी मान हलवली, 'नाही.' मुलगा पुन्हा बोलला, पुन्हा 'नाही.' तिसऱ्यांदा मात्र गृहस्थांनी नाइलाजाने 'हो' म्हटलं, आणि मगच त्या मुलाला वाद घालायची परवानगी मिळाली. हा काय प्रकार आहे ते मला कळेना. इतक्यात म्हाताऱ्याची नजर माझ्याकडे गेली. मी मराठी आहे आणि खोली बघायला आले आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "ये मा, बैस. खोली वरती आहे. ती कोठें जात नाहीं. हें संपलें म्हणजे दाखवितों."

जुनी बखर कुणीतरी तमिळ चालीवर वाचून दाखवावी, तसं ते मराठी होतं. मला हसू आवरेना. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना रागही आला नाही. "हसून घे," ते म्हणाले. "आम्ही तीनशें वर्षें येथें आहों. तुम्ही बोलणें बदललांत, आम्हांस कोणी कळविलें नाहीं."

तर हे पंचनदराव. तंजावरच्या मराठी घराण्यातले. पूर्वज भोसल्यांच्या दरबारी कारकून की कोणीतरी होते; स्वतः पंचनदरावांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढले आणि निवृत्त होऊन या घरात येऊन बसले. मी त्यांना पहिल्या दिवशी 'काका' म्हटलं, तर म्हणाले, काका म्हणजे भाडेकरूनं म्हणायचं, घरातल्या मुलीनं मामा म्हणायचं. तेव्हापासून ते मामा आणि त्यांच्या पत्नी मामी. त्यांना मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळी भरणारी ती सभा मात्र वीस वर्षं अखंड चालू होती.

मालिकेचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर वाचणाऱ्यांतले निम्मे लगेच बाजू घेतील आणि मामा राहतील बाजूला. एवढंच सांगते, की एक यान आहे, ते घरापासून फार दूर गेलं आहे आणि त्यावर माणसं आहेत. पहिल्या मालिकेचे भाग मामांच्या मेव्हण्याने परदेशातून कॅसेटवर पाठवले होते. काही वर्षांनी तेच यान घेऊन दुसरी मालिका निघाली. सभेत त्यांची नावं कुणी घेत नसे. थोरली आणि मधली; कारण कधीतरी धाकटी येणारच, ही सगळ्यांची खात्री. घरातल्या मुलींबद्दल बोलावं तसं बोलणं: "थोरलीत असं कधी झालं नसतं," "मधलीला काय कळतंय." नवखा माणूस ऐकत बसला तर त्याला वाटावं, इथे लग्नाच्या बैठकी चालतात.

सभेचा नियम एकच. दुसऱ्याचं मत खोडायचं असेल, तर आधी ते मत आपण आपल्या तोंडाने मांडायचं. आणि असं मांडायचं, की त्याने स्वतः 'हो, हेच माझं म्हणणं' असं कबूल केलं पाहिजे. त्याचं नाव पूर्वपक्ष. तीन वेळा संधी. तिन्ही वेळा 'नाही' आलं, तर त्या दिवशी तुमचं तोंड बंद. मामांचे आजोबा कुंभकोणच्या पंडितांच्या सभांना जात आणि तिथे म्हणे असंच चालायचं. नातवाने ते अंतराळयानाला लावलं. "गोलूंतल्या बाहुलीसीं कुस्ती करूं नको," ते बजावत. नवरात्रात घरोघरी मांडतात त्या बाहुल्या. "बाहुली कोणीही पाडील. समोरचा माणूस उभा कर, बळकट कर, मग धर." आणि ज्याचा पूर्वपक्ष पहिल्या खेपेला मान्य होई, त्याला मामी पहिल्या डिकॉक्शनची दाट कॉफी देत. बाकीच्यांना दुसऱ्या पाण्याची. मोठमोठे इंजिनियर त्या एका पेल्यासाठी जीव टाकत.

मी जात्याच भांडखोर. कराडला आमच्या घरात जो मोठ्याने बोलेल तो जिंकतो. तिसऱ्याच शनिवारी मी थोरलीची टर उडवायला उभी राहिले. पुठ्ठ्याचे डोंगर, टिनपाटाचे राक्षस, आणि तो सदा न्यायी म्हातारा कप्तान, ज्याला प्रत्येक संकटात तासाभरात वाट सापडते. मामांनी विचारलं, थोरलीवर प्रेम करणारी माणसं काय म्हणतात ते आधी सांग. मी म्हटलं, ती म्हणतात की जुनं ते सोनं. 'नाही.' मग म्हटलं, त्यांना लहानपण आठवतं. 'नाही.' तिसऱ्यांदा काय बोलले ते आठवत नाही. 'नाही' मात्र आठवतं. तोंड बंद. वर मामींनी दुसऱ्या पाण्याची कॉफी आणून ठेवली. मी रागाने ती प्यायले नाही, तर मामा म्हणाले, "कॉफीसीं काय भांडतेस. तिनें कांहीं केलें नाहीं."

तो राग आठवडाभर टिकला. पण त्याच आठवड्यात कारखान्यात एक सर्किट बोर्ड सारखं नापास होत होतं, आणि लाइनवाले मेंटेनन्सवाल्यांना आणि मेंटेनन्सवाले लाइनवाल्यांना दोष देत होते. मी दोन्ही सुपरवायझरांना समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, त्याचं म्हणणं तू सांग, तुझं तो सांगेल. पहिल्यांदा दोघांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. अर्ध्या तासात दोष सापडला. दोघांपैकी कुणाचाच नव्हता. सोल्डरिंगचं तापमान चुकत होतं. त्या दिवशी कंपनीच्या बसमधून घरी येताना मला मामांचा पहिल्यांदा अभिमान वाटला. घरी येऊन त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सिग्नल सर्वांस सारखा. मेलगाडीस वेगळा, मालगाडीस वेगळा असें नाहीं."

आता त्या जाडजूड गृहस्थांबद्दल. त्यांचं नाव संपत. एन्नोरच्या वीजकेंद्रात फोरमन, मामांचे वीस वर्षांपासूनचे स्नेही आणि सभेचा दुसरा खांब. दर शनिवारी दोन बसेस बदलून ते येत. थोरलीवर त्यांची श्रद्धा होती, दुसरा शब्द नाही. थोरलीच्या कप्तानाने एकाही माणसाला कधी मागे सोडलं नाही, हे ते ज्या आवाजात सांगत, त्या आवाजात लोक देवळाची दंतकथा सांगतात. आणि कॉलेजचा तो मुलगा म्हणजे कार्तिक. तो पोरासोरांचा पुढारी. मी सभेत रुळले ती अर्थात पोरांच्या बाजूला.

दोन वर्षांनी धाकटी आली. तेच यान, पण नव्याने रचलेलं. कप्तान एक बाई. तिसऱ्याच भागात ती यान वाचवण्यासाठी अकरा माणसांना एका बर्फाळ चंद्रावर सोडून निघून जाते आणि पुढचे सगळे भाग ते विसरू शकत नाही. आम्ही पोरं वेडी झालो. एकाच्या अमेरिकेतल्या भावाने डिस्क पाठवल्या, त्या आम्ही कार्तिकच्या खोलीवर दाटीवाटीने बसून पाहिल्या. ब्राउझिंग सेंटरमध्ये तासाचे पैसे भरून जगभरातल्या लोकांशी भांडलो. संपतनी चार भाग पाहिले आणि सभेत जाहीर केलं, की यानाचा यांनी रडणाऱ्यांचा दवाखाना केला आहे. थोरलीचं नाव लावून ही बाई या घराच्या टीव्हीवर येणार असेल तर आम्ही सहा जुनी माणसं येणार नाही. कार्तिक म्हणाला, ती येणार नसेल तर आम्ही सात जण येणार नाही.

असा पेच आला की सभा तो वादानेच सोडवत असे. दोन्ही बाजूंनी एकेक बोलणार, मामा निर्णय देणार, आणि हरलेल्या बाजूने तो विषय पुन्हा काढायचा नाही. काढलाच तर जिंकलेल्याने. जुन्यांकडून संपत, आमच्याकडून मी. वादाचा दिवस ठरला.

त्याआधीच्या रविवारी सकाळी मामांबरोबर मी मरीनाच्या किनाऱ्यावर फिरायला गेले. मामा कधी कुणाची बाजू घेत नसत. त्यांना कोणती मालिका आवडते हे वीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. मी खोदून विचारलं. त्यांनी ते टाळलं, पण वाळूत बसल्यावर जे बोलले ते मी विसरणार नाही. "संपत गेला तर मज दुखेल," ते म्हणाले, "पण तो जाणार नाहीं, रुसून परत येईल. तुम्ही मुलें गेलां तर परत येणार नाहीं. आम्ही सहा म्हातारे किती दिवस बसूं? मग ह्या घरांत शनिवार राहणार नाहीं, मा. मामी आणि मी, आणि टीव्ही." मग पटकन म्हणाले, हें मीं सांगिटलें म्हणून तूं विसरून जा, मी निर्णय देणारा आहें.

मी विसरले नाही. उलट जिद्दीला पेटले. आता ही लढाई मी धाकटीसाठी नव्हे, मामांसाठी जिंकणार होते. गंमत अशी, की माणूस सर्वांत हलकं काम करतो ते असंच दुसऱ्याच्या भल्याचं नाव घेऊन.

वादाच्या दिवशी हॉल गच्च भरला. मी थोरलीचा पूर्वपक्ष पहिल्याच खेपेला मान्य करून घेतला. दोन वर्षांत एवढं शिकले होते. त्यावर माझं उत्तर मांडलं. मग संपत उभे राहिले. पहिल्या खेपेला त्यांनी टिंगलच केली: धाकटीवाल्यांचं म्हणणं असं, की जो जास्त रडेल तो जास्त शूर. पोरं हसली, मी 'नाही' म्हटलं आणि ते बरोबरच होतं. मग संपत थांबले. चष्मा काढून पुसला आणि वेगळ्याच, हळू आवाजात बोलू लागले. ते म्हणाले, यांचं म्हणणं असं आहे, की माणसाला कधी कधी दोनच वाटा असतात आणि दोन्ही वाईट. अशा वेळी थोरपण वाट निवडण्यात नसतं, निवडलेल्याचं ओझं टाकून न देण्यात असतं.

हेच माझं म्हणणं होतं, आणि मला स्वतःला ते इतक्या थोडक्यात कधी मांडता आलं नव्हतं. 'हो' म्हणायला हवं होतं. पण 'हो' म्हटलं की संपतना खोडायची मुभा मिळणार, आणि ते खोडू लागले की समोरच्याचं काय उरतं ते मला ठाऊक होतं. आणखी एकदा 'नाही' आलं की त्यांचं तोंड बंद. मी मामांकडे पाहिलं. मला ते वाळूत बसलेले दिसले. मी म्हटलं, "नाही."

संपत गोंधळले. तिसऱ्या खेपेला त्यांनी काहीतरी चाचपडत सांगितलं, ते खरंच चुकीचं होतं. "नाही." पोरांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तोच मामा खुर्चीतून उठले. वीस वर्षांत सभा चालू असताना ते उठलेले कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांदेखत ते मला मराठीतच म्हणाले, "संपतनें दुसऱ्या वेळीं काय सांगिटलें, तें सांग."

मी खाली मान घातली. मग मामा संपतकडे वळून म्हणाले, संपत, तुझी परवानगी असेल तर तुझा पूर्वपक्ष मी मांडतो. आणि मामा इंग्रजीत बोलू लागले. ते म्हणाले, थोरलीने मला शिकवलं, की सिग्नल बरोबर असेल तर गाड्या एकमेकींवर आदळत नाहीत. ते मी चौतीस वर्षं खरं मानलं आणि अजूनही मानतो. पण एका लहान स्टेशनात मी एक माणूस पाहिला आहे. त्याच्या हातून एकदाच चूक झाली, आणि तिची भरपाई होण्यासारखी नव्हती. चौकशी झाली, शिक्षा झाली, वर्षभराने त्याला पुन्हा त्याच केबिनमध्ये पाठवलं. थोरलीत त्या माणसाची गोष्ट नाही, कारण थोरलीत चूक होतच नाही. धाकटी विचारते, दुसऱ्या दिवशी सकाळी तोच लिव्हर धरायला हात कुठून आणायचा? त्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी म्हणजे कमकुवतपणा नाही. लिव्हर सोडून न जाणं, एवढीच तिची बहादुरी.

मामांनी विचारलं, हेच का तुझं म्हणणं? मी रडत होते. 'हो' म्हटलं.

"संपतनें हेंच सांगिटलें होतें," मामा म्हणाले. "शब्द वेगळे. तूं दिलेलें नाहींस तें 'हो' त्याचें होतें." आणि त्यांनी निर्णय दिला: धाकटीची बाजू हरली. या घरात ती लागणार नाही. ज्या पक्षाची त्यांना गरज होती, ज्याच्या बाजूने त्यांच्याइतकं सुंदर कुणीच बोललं नव्हतं, त्याच पक्षाला त्यांनी स्वतःच्या हाताने घराबाहेर काढलं.

पोरं चिडून निघून गेली; माझ्यावर आणि मामांवर सारखीच. पुढच्या शनिवारी कार्तिक आणि बाकीची पोरं आली नाहीत. मी मात्र खालीच राहत असलेल्यांपासून लपणार कुठे, म्हणून कोपऱ्यात येऊन बसले. मामा नेहमीसारखे होते. थोरलीच्या कुठल्याशा भागावर त्यांनी सहा म्हाताऱ्यांना आपसात लावून दिलं, संपतची फिरकी घेतली, दिलखुलास हसले. मला वाटलं, बरं झालं, यांना फारसं लागलेलं दिसत नाही. मला एका शब्दानेही रागावले नाहीत. ते मला सहन होईना.

रविवारी मी बस पकडून एन्नोरला गेले. वीजकेंद्राच्या क्वार्टर्सवर राखेचा पातळ थर होता. संपत लुंगी नेसून तुळशीची पानं पुसत होते. मी सरळ सांगितलं, तुमचा दुसरा पूर्वपक्ष बरोबर होता, मी जाणूनबुजून 'नाही' म्हटलं. ते म्हणाले, मला ठाऊक आहे. मग पानं पुसता पुसता एकदम विचारलं, रावजींनी (मामांना ते रावजी म्हणत) ती मालिका कधी पाहिली? मी सांगितलं, की कार्तिकच्या डिस्क मी माझ्या खोलीत आणून ठेवत असे आणि मी कारखान्यात असताना दुपारी मामा त्या पाहत. सगळे भाग, काही तर दोनदोनदा. संपत म्हणाले, मी चारच पाहिले. आणि पुन्हा पानांकडे वळले.

त्यानंतरच्या शनिवारी मी सभेत उभी राहिले. त्याआधी कार्तिकच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवून त्याला आणि पोरांना एकदाच या म्हणून घेऊन आले होते. सगळ्यांसमोर मी सांगितलं, की मी खोटं बोलले, का बोलले, आणि संपतसाहेबांची मी अपराधी आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मी मोठ्याने न बोलता काही सांगितलं असेन.

मग संपत उठले. जिंकलेल्याच्या हक्काने मी हा विषय पुन्हा काढतो, ते म्हणाले. माझं मत बदललेलं नाही. धाकटी टाकाऊ आहे. पण मी चार भाग पाहून शिव्या दिल्या, आणि त्या रावजींच्या एका पूर्वपक्षापुढे टिकल्या नाहीत. नीट शिव्या द्यायच्या तर नीट पाहायला हवं. तेव्हा ती या घरात लागावी, पहिल्या भागापासून, आणि प्रत्येक भागानंतर पहिलं बोलायचा मान मला असावा.

मामांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. त्यानंतर चार वर्षं धाकटी त्या घरात नांदली आणि संपतनी तिला मनसोक्त शिव्या दिल्या. एकदा तिचा एक भाग संपल्यावर ते नाक शिंकरत बाहेर गेले आणि राखेची सर्दी आहे म्हणाले.

माझी ओळख मामा नव्या माणसांना एका खास पद्धतीने करून देत: "ही आमची कराडची. भर सभेंत आपली लबाडी आपण सांगिटली हिनें." पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर त्यांच्या आवाजाकडे लक्ष गेलं. एखाद्याने आपल्या मुलीला सुवर्णपदक मिळाल्याचं सांगावं, तसे ते सांगत होते. पुढे मी पुण्याला बदली घेतली, मोठ्या हुद्द्यावर गेले, चार ठिकाणी कौतुकही झालं. पण तेवढ्या अभिमानाने माझ्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

मामा गेले २००९ साली, अगदी शांतपणे, दुपारच्या झोपेत. मी तेराव्याला चेन्नईला पोहोचले तेव्हा हॉल भरला होता. संपत निवृत्त झाले होते, कार्तिकचं पोट सुटलं होतं. जेवणं आटोपल्यावर तिथे व्हायचं तेच झालं. वाद लागला: मामांची खरी आवडती कोण? संपत म्हणाले, थोरली, यात वाद कसला. चौतीस वर्षं सिग्नल सांभाळलेला माणूस. कार्तिक म्हणाला, धाकटी. न आवडता कुणी तसं बोलू शकत नाही. दोघांकडेही पुरावे होते आणि दोघांचेही आवाज चढले. मला बरं वाटलं. मी उठून आत मामींकडे गेले.

मामी कॉफीचं डिकॉक्शन काढत होत्या. बाहेर काय चाललंय ते मी सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला तरी ते कधी बोलले का?

"कोणती आवडती, तें मज ठाऊक नाहीं मा," मामी म्हणाल्या. "तुम्हां मुलांस घालविलें ना त्यांनीं, त्या दिवसापासून जेवले नाहींत. एक वेळ ताक-भात, बस्स. पंधरा दिवस. बाहेर हंसत, आंत येऊन पान सारून देत. मीं म्हटलें, निर्णय फिरवा, तुमचेंच घर आहे. तर म्हणाले, ती मुलगी आपण होऊन सांगेल. नाहीं सांगिटलें तर सभा गेली तरी चालेल. पण सांगेल ती."

ज्या शनिवारी त्यांना काही लागलेलं नाही असं मला वाटलं होतं, त्या शनिवारी तो माणूस उपाशी हसत होता. आणि वीस वर्षांची सभा त्याने पणाला लावली होती ती माझ्या खरेपणावर. म्हणजे ज्याचा मी नुकताच सगळ्यांदेखत चुराडा केला होता, त्यावर. माझ्यावर एवढा भरवसा मी स्वतः कधी ठेवला नव्हता.

"आणि मीं सांगिटल्या दिवशीं?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

मामींनी पेले मांडले. "त्या दिवशीं तीन वेळां भात वाढून घेतला त्यांनीं. अंबट सार सगळें संपलें. तुज कांहीं उरलें नाहीं म्हणून मीं तुज दोन डोसे घातले. आठवतें कां?"

"नाही आठवत, मामी," मी म्हटलं, आणि पेले उचलून बाहेर भांडणाऱ्यांकडे गेले.